पाळकांची लेक कोरडीच

"दौलत नको. ठाण्याहून हरिहरला बोलवा," धोंडीबा पाळक अंथरुणातून म्हणाले.

शेवंतीने पेजेची वाटी आपटलीच. "बाबा, वैद्यांनी कूस बदलायलासुद्धा बंदी केलीय. आणि तुम्हाला नदीवर जायचंय!"

"जायचंय."

"तेही पाहुणे जमवून."

"एकच पाहुणा." त्यांनी डोळे मिटून घेतले. बोलणं नको झालं की ते हेच करत.

कल्याणातली बाप्टिस्ट मंडळी मूठभर. ज्या गोऱ्या साहेबाने ती जमवायला घेतली, तो पटकीने अचानक गेला. अडखळल्याशिवाय वाचता येणारे धोंडीबा एकटेच होते. पुढच्या रविवारी लोकांनी पवित्र शास्त्र त्यांच्या हाती दिलं, ते तिथेच राहिलं. लग्नं, मयतं, भाऊबंदकीचे तंटे, कोणाची म्हैस कोणाच्या परसात शिरली, सगळं त्यांनीच निस्तरलं.

आणि बाप्तिस्मे. या पंथात तान्ह्या मुलांवर पाणी शिंपडत नाहीत. माणूस जाणता झाला, त्याने आपल्या तोंडाने विश्वास सांगितला, की मग त्याला नदीत पुरता बुडवतात. मोहने गावाजवळ नदीच्या वळणाला कमरेइतक्या पाण्यात उभं राहून धोंडीबांनी अख्खी मंडळी बुडवून काढली होती.

पोटची मुलगी तेवढी सोडून.

ती पहिल्यांदा मागायला गेली तेव्हा पाणी गढूळ होतं. मग थंडी होती. मग म्हणाले, तुझा विश्वास पिकू दे. मिळेल ते वाचून काढणाऱ्या, मंडळीच्या मुलींना शास्त्र शिकवणाऱ्या शेवंतीचा विश्वास पिकेना, आणि दारू सोडतो सोडतो म्हणणाऱ्या विश्रामचा मात्र महिन्याभरात पिकला! शेवटी तोड निघाली ती अशी:

"ठाण्याला जा. तिथला पाळक हरिहर देईल बाप्तिस्मा."

"गावाला तुमचा हात, आणि मला परक्याचा?"

"त्याचा स्वतःचा मद्रासेला झालाय. तिथल्या साहेबाच्या हातून."

"मग? सोन्याचं पाणी होतं का तिथे?"

बाबांनी डोळे मिटले.

ती गेली नाही. हट्ट बापाचाच होता, अंगात उतरलेला. बाप्तिस्मा न झालेल्याला प्रभुभोजन मिळत नाही; ती भाकर दर खेपेला तिच्यासमोरून पुढे जाई, आणि दौलतची बायको सखुबाई शेजारणीच्या कानात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणे, "पाळकांची लेक कोरडीच गं बाई!"

आता बाबा चालले होते. त्यांच्या हातून झाला नाही तर कोणाच्याच हातून नको, हे शेवंतीने ठरवून टाकलं होतं. म्हणून नदीचं नाव निघालं तेव्हा ती चिडली खरी, पण बाप्तिस्म्यासाठी पांढरं लुगडं काढून ठेवलं.

हरिहर सकाळच्या गाडीने आला. बैलगाडीत पेंढा पसरून बाबांना निजवलं. वाटभर दौलतची कुरकुर चालू होती.

"पाळकबुवा, मंडळीचा वडील मी. घरचा माणूस सोडून ठाण्याचा कशाला?"

"दौलत, तुला मी बुडवलाय."

"तेच तर सांगतोय ना मी!"

बाबांचे डोळे पुन्हा मिटले.

"जाऊ द्या हो दौलतकाका," शेवंती म्हणाली. "मला बाविसाव्या वर्षापासून हेच उत्तर मिळतंय."

पाणी गार होतं. पुढे त्याच आठवड्यात बाबांना माती दिली, तेव्हा सखुबाईने त्या गारठ्यालाच बोल लावला. पण त्या सकाळी त्यांना कोणी अडवू शकलं नाही. हरिहर आणि दौलतने दोन्ही बाजूंनी धरून त्यांना कमरेइतक्या पाण्यात नेलं. काठावर लोकांनी गीत धरलं. शेवंती बाबांसमोर जाऊन उभी राहिली, हात छातीशी धरले, श्वास रोखला.

बाबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला हळूच बाजूला केलं.

"शेवंते, जरा थांब." मग ते हरिहरकडे वळले आणि काठावरचं गीत थांबेल इतक्या मोठ्याने म्हणाले, "आधी मला बुडव. माझा बाप्तिस्मा कधी झालेलाच नाही."