ती लावेल तेव्हा

“दादा, तू कशालाही हात लावू नकोस. अगदी कशालाही!” धाकटा गच्चीवरूनच ओरडला आणि डिशचा शेवटचा नट आवळून खाली उतरला.

थोरला खाटेवर बसून होता. कंबरेचं हाड मोडल्यापासून तो तिथेच असायचा. हात लावायला जाणार कुठे? नदीपलीकडे, अगदी समोर, धाकट्याचं घर दिसत होतं. त्या घरात आई होती, अर्धांगाने अंथरुणाला खिळलेली, वाचाही गेलेली. पूल मात्र पार खाली, गाडीनेही भलामोठा वळसा. डोंगराच्या आडोशामुळे इकडे मोबाइलला रेंज नावालाही नाही. म्हणून त्या गच्चीवरून या गच्चीवर वायरलेसने इंटरनेट आणायचं ठरलं. थोरल्याला फक्त आई बघायची होती.

धाकट्याला हा उपद्व्याप मुळीच नको होता. मोठमोठ्या कंपन्यांची नेटवर्कं उभारणारा माणूस तो, आणि आज कुणासाठी उन्हात राबत होता? तर बक्षीस लागल्याचा मेसेज आला म्हणून कुणा भामट्याला बँकेचा पासवर्ड सांगून बसलेल्या या महाभागासाठी! वर हा चहा घेतोस का म्हणून विचारत होता. कानतुटका कप पाहूनच धाकट्याने नाक मुरडलं.

लॅपटॉप मांडीवर घेऊन तो कामाला लागला. समोरच्या घरातला राउटर त्याने इथूनच उघडला. थोरल्याचं नेटवर्क वेगळं पाडलं, त्याची इंटरनेटची वाट मोकळी केली. मग थोरल्याच्या टॅबवरून आईच्या टॅबला थेट, गच्ची ते गच्ची कॉल लावला. आईचं करायला येणाऱ्या सकाळच्या बाईने जाताना तिकडचा टॅब आईसमोर टेकवून ठेवला होता. तो कॉल आपोआप उचलायचा. पडद्यावर आई आली.

“आई! अगं, मी! दिसतोय का मी?” थोरल्याचा आवाज चिरकला.

“झालं कौतुक? मला अजून फायरवॉल लावायचीय,” धाकटा म्हणाला.

“ते काय असतं?”

“राखणदार. तुझ्याकडची घाण माझ्या घरात शिरायला नको. इंटरनेट हवं तेवढं वापर. पण माझ्या घरातल्या कशाशीही तू आपणहून बोलायचं नाहीस. तिकडून सुरुवात झाली, तरच इकडून उत्तर जाईल.”

“म्हणजे मी आईला लावायचा नाही?”

“ती लावेल तेव्हा लागेल.”

“अरे, तिचा हात कुठे चालतो?”

“बाई असते ना सकाळी! देईल लावून तिच्या सवडीने. आणि तुला कसली रे घाई? दिवसभर तंगड्या पसरून तर बसलेला असतोस.”

थोरल्याने टॅब जवळ ओढला. उपकार घेणाऱ्याला तोंड नसतंच, हे धाकट्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने नियम लिहिला. चालू असलेल्या जोडण्याही तोडून टाकायचं त्यात घातलं. अर्धवट काम त्याला खपत नसे. मग चित्र नीट येतंय का ते बघायला तो थोरल्याच्या खांद्यावरून टॅबमध्ये डोकावला.

वडील गेल्यावर झालेल्या भांडणानंतर दोघं पहिल्यांदाच आईसमोर एकत्र आले होते. आईचे डोळे मोठे झाले. वाकडं झालेलं तोंड हललं. घशातून काहीतरी आवाज आला. आजारपणानंतर पहिल्यांदाच.

“थांब आई, एक मिनिट हं,” म्हणत धाकट्याने लॅपटॉपवर नियम लागू करायचं बटण दाबलं.

पडदा काळा झाला.

त्याने कॉल पुन्हा लावला. लागेना. इथल्याच वायफायवर असलेल्या स्वतःच्या फोनवरून लावला. लागेना. नियम काढून टाकावा म्हणून राउटर उघडायला गेला, तर तोही उघडेना. तेव्हा कुठे साहेबांच्या डोक्यात उजेड पडला. राउटर पलीकडे होता, आज ते स्वतः अलीकडे बसले होते, आणि इकडून येणाऱ्या कुणालाही आत न घेणाऱ्या त्यांच्याच राखणदाराने त्यांनाही बाहेर ठेवलं होतं. शिकाऊ पोरानेही हसावं अशी चूक! एरवी त्याने अशा माणसाची चारचौघांत सालटी काढली असती.

“ती काय म्हणत होती रे?” थोरल्याने विचारलं.

धाकटा लॅपटॉपवर तेच बटण पुन्हा पुन्हा दाबत राहिला. गाडी हाणत घर गाठलं असतं, तर नियम काढता आला असता. पण दोघांना एकत्र बघून तिच्या ओठांवर आलेलं ते काही तोवर तिथे थांबणार नव्हतं.

थोरला खाटेवर जरा सरकला. बाजूची जागा त्याने हाताने झटकली.

“बस,” तो म्हणाला. “ती लावेल तेव्हा लागेल.”