फुकटचं वायफाय

नवऱ्याने कमरेचा पट्टा उगारला की ती जिवाच्या आकांताने ओरडायची. शेजारच्या काकू टीव्हीचा आवाज वाढवायच्या, वरचे मास्तर खिडकी लावून घ्यायचे. दुसऱ्याच्या घरात कोण नाक खुपसणार? वायफाय मात्र दोघंही तिच्याच घरातलं वापरायचे.

काल त्याने तिला भिंतीवर आदळलं आणि धक्क्याने राउटरची पिन निघाली. लगेच बेल वाजली. दारात काकू आणि मास्तर. नवऱ्याने पट्टा पाठीमागे लपवला. तिच्या कपाळावरचं रक्त बघून न बघितल्यासारखं करत काकू म्हणाल्या, "नेट गेलं का गं? मास्तरांची मॅच अडकलीय."

आज त्याने पुन्हा पट्टा काढला.



ती ओरडली नाही. तिने धावत जाऊन राउटरची पिन उपटली.