खाली जा

सकाळी प्रार्थनेला बसल्यावर थोरली देवाला म्हणाली, "आज सांगशील ते करीन." लगेच मनात आलं, खाली जा, धाकट्या जावेची माफी माग.

"हे सोडून काहीही सांग रे बाबा!"

दोघींचा वर्षभर अबोला होता. पण शब्द तर देऊन बसली होती. तोंडावर दार आपटलं तर, ही धास्ती घेऊनच ती जिना उतरली आणि दार उघडताच एका दमात म्हणाली, "चुकलं माझं."

धाकटी खो खो हसत तिच्या गळ्यातच पडली. "अहो ताई, महिनाभर देव माझ्या मागे लागलाय, वर जा म्हणून! मी हटून बसले, तेव्हा त्याने तुम्हाला पकडलं!"