पारापुढचा चढ

“मारुतीच्या पारापुढून सायकलवर बसून जाऊ नको, सूनबाई. सुना तिथं उतरून चालत्यात.” सासूबाईंचं सांगणं मी कानामागे टाकलं. एसटी आली नव्हती, औंढ्याला बी.ए.चा शेवटचा पेपर होता आणि पारापासूनच घाटाचा चढ सुरू होतो. नवऱ्याच्या दांड्याच्या सायकलवरून साडीत उतरले असते, तर चढावर पुन्हा बसताच आलं नसतं. पारावरचे म्हातारे ओरडले, “उतर पोरी, आमी अजून जित्ते हाव!” पायडल दाबलं, पण चाक डगमगलं. एवढ्यात मागून कॅरिअरला रेटा बसला. कडेवर माझं लेकरू घेऊन सासूबाई सायकल ढकलत होत्या. “मागं काहून बघतीस? हाण पायडल!” आता मी घाटमाथ्यावर पोचलेय, मागे फिरणार नाही. दादा, तुम्ही समोरून येताय, घाट उतरून आमच्या गावाकडेच चाललाय ना? पारापाशी थांबा. कडेवर लेकरू घेऊन एक बाई सगळ्यांशी भांडत असेल. ती बरी आहे ना, तेवढं बघा.