दुसरी मूठ

तांदळाच्या कणगीत हात घालून सियामीनं एक मूठ काढली आणि चुलीजवळच्या डब्यात टाकली. ती चर्चची. भात शिजत घालण्याआधी या डोंगरगावात घरोघरी देवाच्या नावानं अशी मूठ बाजूला निघते. मग तिनं पुन्हा हात घातला, आणखी एक मूठ काढली आणि कणगीमागच्या दुसऱ्या डब्यात टाकून त्यावर फडकं झाकलं.

मोहरीचा पाला निवडत बसलेल्या रोकिमीनं ते पाहिलं. रोकिमी तिची नणंद. सोबतीला म्हणून येऊन राहिली होती, पण नजर सोबतीची नव्हती.

सियामीचा एकुलता एक मुलगा झुआला पाच दिवसांपूर्वी चर्चच्या छपराचे पत्रे घेऊन येत असताना वळणावरून गाडीसकट नदीत गेला होता. गाडी सापडली, पत्रे सापडले, झुआला सापडला नाही. गाडीचं दार उघडं होतं. तेव्हापासून गावातली पोरं कमरेला दोर बांधून फुगलेल्या पाण्यात बुड्या मारत होती, त्यात रोकिमीचा रिंगाही होता. देह घेतल्याशिवाय परतायचं नाही ही गावाची रीत. आईनं सांगितलं तरच शोध थांबतो, आणि आजवर कुठल्या आईनं तसं सांगितलं नव्हतं.

आणि ही आई रडत नव्हती. काल तर चूल फुंकता फुंकता उपासनेतलं गाणं गुणगुणत होती.

"वहिनी, तो दुसरा डबा कुणाचा?"

सियामीनं चुलीत लाकूड सारलं. रोकिमी उठली, फडकं उचललं. डबा निम्म्याहून वर भरला होता.

"कुठं आहे तो? शेतावरच्या झोपडीत?"

"कोण?"

"भोळी होऊ नकोस. दार उघडून उडी मारली असणार त्यानं. चर्चचे पत्रे बुडवले, आता तोंड कसं दाखवायचं म्हणून लपलाय. आणि तू त्याला तांदूळ पोचवतेस." रोकिमीचा आवाज चढला. "काल माझ्या रिंगाचा दोर खडकात अडकला होता. वर काढला तेव्हा ओठ निळे पडले होते त्याचे. तुझा तिकडं बसून जेवतोय, आणि माझा त्याला पाण्यात शोधतोय. खरं काय ते सांग. मी कुणाला बोलणार नाही, नुसता रिंगाला घरी आणेन."

"निळे पडले होते?" सियामी म्हणाली. "मला कुणी सांगितलं नाही."

"तुला कशाला सांगतील? तुझ्याकडं बघून कुणाला वाटेल का, घरात दुःख आहे म्हणून?"

सियामीनं डबा आपल्याकडं ओढून घेतला.

"झुआलाच्या वाटणीचे आहेत हे, वन्सं. सवयीनं हात दोनदा जातो कणगीत. परत ओतायचं म्हटलं तर होत नाही. शनिवारी बायका चर्चचे तांदूळ गोळा करायला येतील, तेव्हा दोन्ही डबे देईन."

"आणि गाणं?"

"पहिल्या रात्री मी प्रभूशी भांडले. लाज सोडून भांडले. माझा पोरगा परत दे, म्हटलं. पहाटेपर्यंत तोंड दुखलं. मग म्हटलं, बरं, तुझ्याकडं असेल तर नीट सांभाळ त्याला, थंडी सोसत नाही त्याला. त्यानंतर मला झोप लागली, वन्सं. उठले तेव्हा माझीच मला लाज वाटली. पण छातीवरचा दगड काही परत आला नाही. मी शोधला तो दगड. नाहीच."

"छान जुळवलंस," रोकिमी म्हणाली.

सियामीनं चुलीतली लाकडं मागं ओढली, शाल घेतली आणि बाहेर पडली. रोकिमी थोडं अंतर ठेवून मागोमाग निघाली. गावाखाली वाट फुटते, एक फाटा शेतांकडं जातो, एक नदीकडं. रोकिमी बांबूच्या बेटाआड थांबली. आता कळेल, असं तिला वाटलं.

सियामी नदीकडं वळली. रोकिमीही तिच्यामागून खाली उतरली.

काठावर दोर ताणलेले होते. सियामी थेट दोर धरणाऱ्यांपाशी गेली.

"ओढा वर. सगळ्यांना बाहेर काढा. आता पुरे."

चर्चच्या पंचांतले वडीलधारे, म्हातारे ह्रांगा, पुढं आले. "पोरी, विचार करून बोल. देह मिळाला नाही तर कबर नाही."

"कबर मला हवी होती. माझं भागेल तिच्याविना. प्रभूला ठाऊक आहे तो कुठं आहे ते. ही पोरं ज्यांची आहेत त्यांच्याकडं परत जाऊ देत."

ह्रांगांनी दोर धरणाऱ्यांना हातानं खूण केली. मग दोर हलायला लागले. मागून एक बाई दबक्या आवाजात म्हणाली, "रोकिमी सांगत होती ते खरंच की. पोरगा सुखरूप असल्याशिवाय कुठली आई असं बोलेल?"

माना रोकिमीकडं वळल्या. रोकिमी एक पाऊल मागं सरली. सियामीला ते ऐकू गेलं होतं. तिनं वळून पाहिलं नाही. ती आपल्या शालीनं रिंगाचं डोकं पुसत होती. "इतका वेळ पाण्यात राहतात का रे, गाढवा? कान कोरडे कर आधी," असं काहीतरी त्याला म्हणत होती.

संध्याकाळी रोकिमीच्या घरी रिंगा चुलीपाशी गोधडी गुंडाळून बसला होता. रोकिमीनं कणगीत हात घातला आणि चर्चच्या डब्यात एक मूठ टाकली. पातेलं पुढं ओढलं, जरा थांबली. मग तिनं पुन्हा हात घातला.

"आई, दोन मुठी?"

"तू चुलीकडं बघ," ती त्याच्याकडं न बघता म्हणाली. "विझतेय ती."