आठवी खेप

प्रतापने घोट तोंडातच धरून ठेवला होता. गिळत नव्हता, बोलतही नव्हता. बोईसरच्या त्या लहानशा स्वयंपाकघरात फ्रिजची घरघर तेवढी चालू होती, आणि ओट्याखालच्या सिलिंडरला टेकून बसलेला ललित मित्राच्या गळ्याची घाटी खाली सरकण्याची वाट पाहत होता.

खिडक्या घट्ट बंद होत्या. चाखणीच्या दिवशीचा तो नियमच होता. कारखान्यांकडून येणारा दर्प एल बिअरच्या गंधात मिसळता कामा नये. उदबत्ती नाही, फोडणी नाही. अशा संध्याकाळी ललितची बायको आनंदी पोळ्या लाटायला शेजारच्या वैभवीकडे जाई.

इंग्रजी धाटणीच्या एल बिअरची ही आठवी खेप. आज प्रतापने होकार दिला, की उद्या दोघेही कारखान्यातली चौदा वर्षांची नोकरी सोडणार होते आणि रीतसर परवाना काढून प्रतापच्या नवापूरच्या वाडीत ब्रुअरी उभारणार होते. राजीनाम्याची पत्रं लिहून तयार होती.

अखेर प्रतापने घोट गिळला. "कडू हाय. पण आता भांडत नाय."

"आणि वास?"

प्रतापने ग्लासात नाक खुपसलं, डोळे मिटले. "भाजलेल्या बिस्किटासारखा. मागून हॉप्सच्या फुलांचा, ओल्या मातीवानी. सहाव्या खेपेत हाच तर हरवला होता."

ललितने शब्दन्‌शब्द वहीत उतरवला. प्रताप म्हणाला म्हणून त्याने हॉप्स उशिरा टाकले होते, प्रताप म्हणाला म्हणून यीस्ट बदललं होतं. आंधळ्याने काठी धरावी तसे ते शब्द धरून तो इथवर आला होता.

"तुला काय वाटतं ते बोल की एकदा. दर वेळेला मलाच नाचवतोस."

"करणाऱ्याची जीभ लबाड असते. तू बोल."

"वहिनीसमोर पण असाच मुका बसतोस काय रे?"

ललित हसला, ते हसू टिकलं नाही. डोकं जड झालं होतं. काळजीनेच, असं त्याने स्वतःला समजावलं.

"सांग. हो की नाही?"

"हो," प्रताप हलकेच म्हणाला. "रंग तेवढा बघून घेऊ. दिवा लाव."

बाहेर उजेड मावळत आला होता. ललित उठला. त्याचं बोट बटणाला टेकलं, तोच दार उघडलं.

"हात लावू नका!" आनंदी ओरडली. पदर नाकाशी धरून ती ओट्याखाली वाकली, सिलिंडर बंद केला, धडाधड खिडक्या उघडल्या. "जिन्यापर्यंत गॅस पसरलाय. बाहेर उभं राहवत नाही, आणि तुम्ही दोघं इथे वास घेत बसलात?"

मग ललित सावकाश प्रतापकडे वळला.

"ती बिस्किटं, ती ओली माती... प्रताप, तुला वास येतच नाही?"

प्रतापने ग्लास खाली ठेवला. "तीन वर्षं झाली. कारखान्यातली रसायनाची टाकी धुवायला आत उतरलो होतो, त्या दिवसापासनं. तुझी उमेद मोडवेना. म्हटलं, याचं नाक शाबूत हाय. माझं चुकलं, तर हाच धरेल." त्याने नजर वर उचलली. "पण तू? सिलिंडरला टेकून तर तू बसला होतास. तुला पण वास नाय आला?"

ललितने वही मिटली आणि आनंदीकडे न पाहता, अनवाणीच, तो जिना उतरू लागला.