मानेचा फोटो

“शर्ट घाल नागेश,” अण्णासाहेब दबक्या आवाजात म्हणाले. “पाहुण्यांसमोर तमाशा नको.”

नागेशने काढलेला शर्ट बायकोच्या, कावेरीच्या, हातात दिला आणि अनवाणी मॅटवर जाऊन उभा राहिला.

दुबईतल्या ऊद मेथा भागात एका शाळेच्या हॉलमध्ये मराठी मंडळाचा क्रीडादिन रंगात आला होता. प्रमुख पाहुणा होता तुकाराम पैलवान, तीन वेळा राज्यात पहिला आलेला. सोबत त्याचे वडील आणि गुरू, रामचंद्र वस्ताद. तुकाराम लहान मुलांशी लुटुपुटूच्या कुस्त्या खेळत होता. शेवटचं पोरगं मॅटवरून उतरलं आणि अण्णासाहेबांच्या कंपनीतला स्कॅफोल्डिंगचा फोरमन, चाळिशीचा नागेश, त्या जागी उभा राहिला.

“मला खरी कुस्ती पाहिजे, तुकाराम.”

तुकाराम मोकळा हसला. “अठरा वर्षं वाट बघितली लेका तुझी. ये.”

“न्हाई!” वस्ताद खुर्चीतून उठले. “ही कुस्ती व्हायची न्हाई.”



अठरा वर्षांपूर्वी दोघं सांगलीकडच्या एकाच तालमीत होते. तुकारामला सरावात पाठीवर टाकणारा नागेश एकटाच. राज्याच्या स्पर्धेची निवड महिन्यावर आली असताना दोघं एकदा वेडेवाकडे पडले, माना आखडल्या. वस्तादांनी दोघांनाही तालुक्याला नेऊन मानेचे एक्स-रे फोटो काढून आणले. दुसऱ्या दिवशी नागेशला एकट्याला बोलावलं आणि खिडकीच्या उजेडात फोटो धरून मणका दाखवला.

“हे बघ पोरा. एक वाकडा डाव बसला, तर जन्मभर अंथरुणात. तुझी कुस्ती संपली.”

सांगताना वस्ताद स्वतः रडले होते. मग तेच अण्णासाहेबांकडे खेपा घालून व्हिसा घेऊन आले. निवड झाली तेव्हा नागेश शारजात विटा मोजत होता.

तेव्हापासून तो मान जपून जगला. लेकीला, उर्वीला, त्याने कधी खांद्यावर बसवलं नाही. शारजातल्या रोल्लाच्या चहाच्या दुकानात गाववाले हटकून म्हणायचे, “राहिला असतास, तर आज तुकारामच्या जागी तू असतास.” नागेशचं उत्तर ठरलेलं. “राहिलो असतो, तर खाटेवर असतो. वस्तादांनी जीव वाचवला माझा.”

यंदाच्या मार्चमध्ये तो फुजैराच्या साइटवर परांचीवरून खाली पडला. डॉक्टर हाफिजांनी डोक्यापासून कमरेपर्यंत स्कॅन काढला. नागेशने भीत भीत जुन्या मणक्याचं सांगितलं.

“किसने कहा आपको?” त्यांनी स्क्रीन त्याच्याकडे वळवली. “कोई पुरानी चोट है ही नहीं. माशाल्ला, लोहे की गर्दन है.”

त्या दिवशी नागेश बसमध्ये आधी हसला आणि मग खिडकीकडे तोंड करून रडला. तालुक्याचं मशीन बिघडलं असणार. एका भंगार मशीनने त्याची सगळी कुस्ती खाल्ली होती. हाताचं प्लास्टर निघाल्यावर त्याने पहाटे उठून दंड-बैठका सुरू केल्या. तुकाराम येणार हे कळलं तेव्हा जोर पाचशेवर गेले होते.

“अण्णासाहेब, थांबवा हे,” वस्तादांचा आवाज चिरकला. “मान मोडंल!”

“अहो, ऐका ना त्यांचं,” कावेरीने त्याचा दंड धरला.

“सगळ्यांचं ऐकून झालं, कावेरी. मोडली तर माझी मोडेल.”

“लेट हिम, मम्मा,” उर्वी म्हणाली.

अण्णासाहेबांनी शेवटचा उपाय काढला. “उद्या कामावर यायचंय ना तुला?”

“नका घेऊ,” नागेश म्हणाला आणि त्याने तुकारामशी हात मिळवला.

पहिल्याच झटापटीत कळलं, तुकारामचं वजन वाढलं होतं, पण पकड तीच होती. नागेशने त्याच्या मानेवर हात टाकून खेचायला सुरुवात केली.

“मान!” वस्ताद ओरडले. “मान सांभाळ रे, मान!”

नागेशच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. इतक्या वर्षांनीही म्हाताऱ्याचा जीव तुटत होता. तेवढ्या गाफिलीत तुकारामने पट काढला आणि नागेश गुडघ्यांवर आला. वरून शंभर किलोंचा भार. मागे उभे असलेले कॅम्पमधले कामगार बेंबीच्या देठापासून ओरडू लागले, “यल्ला नागेश! यल्ला!”

नागेशने खाली मुंडी घातली, कूस बदलली आणि तो तुकारामच्या बगलेतून निसटला. मागून कंबर आवळली. पाय घट्ट रोवले. अठरा वर्षं लोखंडी पाइप उचललेल्या हातांनी त्याने राज्याचा पैलवान जमिनीवरून उचलला आणि पाठीवर आदळला.

वस्तादांनी डोळ्यांवर हात घेतले.

मग तुकाराम उठून बसला आणि हसायला लागला. पोरांनी हॉल डोक्यावर घेतला. तुकारामने नागेशचा हात धरून वर केला.

“खोटं सांगत न्हाई,” तो धापा टाकत म्हणाला, “हा गडी राहिला असता, तर माझ्या घरात एक गदा आली नसती!”

कामगारांनी नागेशला खांद्यावर घेतलं. तो उतरला आणि सरळ वस्तादांकडे गेला. वस्ताद खुर्चीत बसले होते. घामाने निथळत नागेशने त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.

“बघा वस्ताद, मान शाबूत आहे. तुमची चूक नव्हती. तालुक्याचा तो फोटोच चुकला होता.”

वस्ताद त्याच्याकडे बघत नव्हते. ते मॅटकडे बघत होते. तिथे तुकाराम पुन्हा खाली बसला होता आणि एका हाताने मान चोळत होता.

“फोटो बरोबर होता, नागेश,” वस्ताद म्हणाले. “तुझा नव्हता.”